प्राचीन इजिप्तमधील संरक्षक ताईत आणि हृदयाची साक्ष

प्राचीन इजिप्तचे नाव निघताच पिरॅमिड, ममी आणि राजांचे सुवर्णमुखवटे यांचे स्मरण होते. तथापि त्या देशातील सर्वसामान्य स्त्रीपुरुष कशाला भीत होते आणि त्या भीतीवर त्यांनी कोणता उपाय योजिला होता, हे समजून घ्यावयाचे असेल तर बोटाच्या पेराएवढ्या लहानशा वस्तूंकडे वळावे लागते. या वस्तू म्हणजे ताईत. नाईल नदीच्या खोऱ्यात इ.स.पू. ४४०० ते ४००० या काळातील, 'बदारी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्कृतीच्या थडग्यांत पाणघोडा आणि हरिण यांच्या आकारांचे ताईत सापडले आहेत. म्हणजे लेखनकला अवगत होण्यापूर्वी, राजसत्ता स्थापन होण्यापूर्वी तेथील माणूस ताईत वापरीत होता. आणि रोमन अंमलातही तो ते वापरीतच होता. चार हजारांहून अधिक वर्षे टिकलेल्या या प्रथेला 'अंधश्रद्धा' एवढे नाव देऊन अभ्यासकाला मोकळे होता येत नाही. ती कशी चालत होती, तिच्यामागील तर्क कोणता होता आणि तो तर्क कोठे जाऊन अडखळला, हे पाहावे लागते. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढाच प्रयत्न करणार आहोत.

प्रथम शब्दांचा विचार करू. इजिप्शियन भाषेत ताइतासाठी जे शब्द आढळतात त्यांपैकी 'मेकेत', 'नेहेत' आणि 'सा' हे 'रक्षण करणे' या अर्थाच्या धातूंशी निगडित आहेत, तर 'वेजा' हा शब्द 'अखंड असणे, धडधाकट असणे' या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. (त्या लिपीत स्वर लिहिले जात नसत, त्यामुळे हे उच्चार अभ्यासकांनी सोयीसाठी ठरविलेले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.) पालीच्या अभ्यासकाला येथे 'रक्खा' आणि 'परित्त' या शब्दांची आठवण होणे साहजिक आहे; कारण तेही रक्षणार्थक धातूंपासूनच आलेले आहेत. मात्र शब्दांच्या साम्यावरून कल्पनांचे साम्य गृहीत धरू नये. परित्त म्हणजे पठण करावयाचे वचन होय. इजिप्तचा ताईत ही वस्तू आहे. आणि तिचे सामर्थ्य तिच्या आकारात, द्रव्यात, रंगात, तिच्यावर उच्चारलेल्या शब्दांत आणि देहावरील तिच्या जागेत साठविलेले असते, अशी तेथील धारणा होती.

या सामर्थ्याला इजिप्शियन लोक 'हेका' म्हणत. आपण या शब्दाचे भाषांतर 'जादू' असे करतो खरे, परंतु त्यामुळे गैरसमज होण्याचा संभव आहे. आपल्याकडे जादू म्हटले की धर्माबाहेरील, चोरटे असे काहीतरी मनात येते. तेथे हेका ही सृष्टीच्या आरंभापासून असलेली शक्ती मानली जाई; त्या नावाचा देवही होता. राजपुत्र मेरिकारे याला त्याच्या पित्याने केलेला उपदेश म्हणून एक ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात असा विचार येतो की, येणाऱ्या आघातांना परतवून लावता यावे म्हणून ईश्वराने माणसांना हेका हे शस्त्र म्हणून दिले. याच ग्रंथात, दुष्कर्म करणाऱ्याने वाहिलेल्या पशूपेक्षा सरळ मनाच्या माणसाचे शील देवाला अधिक ग्राह्य असते, असाही विचार मांडलेला आहे. एकाच ग्रंथात शस्त्र आणि शील या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवलेल्या आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे हृदयाच्या ताइताचा विचार करताना याकडे परत यावे लागेल.

द्रव्य आणि रंग

ताईत कशाचा आहे, याला मोठे महत्त्व होते. हिरव्या रंगासाठी जो 'वाज' हा शब्द होता त्याचाच अर्थ 'ताजे असणे, फुलणे' असा होता. पपायरसच्या कोवळ्या देठाच्या आकाराचा ताईत हिरव्या दगडाचा करीत, तो याच कारणाने. तांबडा रंग रक्ताचा, सूर्याचा आणि संतापाचाही. निळा लाजवर्द दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदक्षानच्या खाणींतून येत असे. त्यामुळे तो राजघराण्याच्या आणि मंदिरांच्याच आवाक्यातील होता. सोने कधी काळवंडत नाही, म्हणून देवांचे देह सोन्याचे आहेत असे मानले जाई.

मग ज्याला लाजवर्द आणि सोने परवडत नाही त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर इजिप्तच्या कारागिरांनी फार पूर्वीच शोधून काढले होते. गारेची पूड, क्षार आणि थोडा चुना यांचे मिश्रण करून, त्यात तांब्याचा अंश घालून ते भाजले म्हणजे वस्तूवर निळी-हिरवी चकाकी चढते. पाश्चात्त्य अभ्यासक या द्रव्याला 'फायन्स' म्हणतात. इजिप्शियन लोक त्याला 'चेहेनेत', म्हणजे 'लखलखणारे', असे म्हणत. इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना इ.स. १८९१-९२ मध्ये अमार्ना येथील उत्खननात अशा वस्तू घडविण्याचे मातीचे साचे हजारोंच्या संख्येने सापडले. साच्यात ओला गोळा दाबावयाचा, काढून वाळवावयाचा आणि भट्टीत घालावयाचा, इतके ते काम सुटसुटीत होते. याच पेट्री यांनी इ.स. १९१४ मध्ये ताइतांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात सुमारे पावणेतीनशे प्रकारांची वर्गवारी केली. तो ग्रंथ आजही चाळला जातो. दन्देरा येथील मंदिराच्या भिंतीवर तर मौल्यवान द्रव्यांच्या १०४ ताइतांची यादीच कोरलेली आहे. परंतु याद्यांनी फारसे काही उलगडत नाही. एक-दोन चिन्हे नीट पाहिली म्हणजे तर्क अधिक स्पष्ट होतो.

'वेजात' हा डोळा घ्या. कथा अशी की, होरस आणि सेत या देवांच्या झगड्यात सेतने होरसचा डोळा उपटला, आणि थोथ या विद्येच्या देवाने तो पुन्हा सांधून पूर्ववत केला. 'वेजात' याचा अर्थच 'अखंड झालेला'. माणसाचा डोळा आणि ससाण्याच्या डोळ्याखालील खुणा यांचा मिलाफ करून हे चिन्ह काढलेले असते. येथे संरक्षणाची कल्पना 'कधी इजा न होणे' अशी नाही. जे मोडले ते सांधले गेले, ही तिच्यामागील कल्पना आहे. म्हणूनच ममी करताना अवयव काढण्यासाठी डाव्या कुशीत जो छेद घेत, त्यावर हाच डोळा कोरलेला पत्रा ठेवीत. जाता जाता एक खुलासा करणे आवश्यक वाटते. या डोळ्याचे भाग म्हणजे १/२, १/४ असे करीत १/६४ पर्यंतचे अपूर्णांक होत, त्यांची बेरीज ६३/६४ येते आणि उरलेला अंश थोथने आपल्या सामर्थ्याने पुरा केला, ही माहिती अनेक लोकप्रिय पुस्तकांतून दिली जाते. कल्पना मोहक आहे. परंतु गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक जिम रिटर यांनी मूळ लेखांची छाननी करून इ.स. २००२ मध्ये तिचे खंडन केलेले आहे. त्या अपूर्णांकांच्या खुणांचा डोळ्याशी मुळात संबंध नव्हता.

घरातील भय

थडग्यांतील वस्तूच अधिक टिकल्यामुळे ताईत मृतांसाठी होते असा समज होतो. तो खरा नाही. ताइतांची गरज सर्वांत अधिक भासत होती ती बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला. ज्या काळात प्रसूती हे स्त्रीच्या आयुष्यातील सर्वांत मोठे संकट होते, त्या काळात तिच्या भोवती जी दैवते उभी केली जात ती दिसावयास मुळीच सुंदर नव्हती. बेस हा वाकड्या पायांचा, जीभ बाहेर काढलेला, सिंहाच्या आयाळीचा बुटका. तावेरेत ही पाणघोड्याच्या देहाची, सिंहाच्या पंजांची, लोंबत्या स्तनांची आणि गरोदर पोटाची. भय घालवावयाचे ते अधिक भयंकर रूपाने, असा येथील तर्क आहे. नाईलमधील पाणघोड्याची मादी आपल्या पिल्लासाठी किती चवताळते हे तेथील लोकांनी पाहिलेले होते. इ.स.पू. १९०० ते १७०० च्या सुमारास पाणघोड्याच्या दातांपासून केलेल्या वक्र पट्ट्यांवर अशी अनेक विचित्र रूपे कोरलेली आढळतात. त्यांतील काही मोडून पुन्हा जोडलेल्या आहेत, यावरून त्या प्रत्यक्ष वापरात होत्या हे उघड आहे.

या दैवतांना मोठी मंदिरे नव्हती. परंतु लोकांच्या मनात त्यांचे स्थान किती खोल होते, याचा एक ठळक पुरावा अमार्ना येथेच मिळतो. राजा अखेनातेन याने (इ.स.पू. सुमारे १३५३ ते १३३६) आतेन या सूर्यबिंबाची उपासना राज्यधर्म म्हणून स्थापिली आणि आमूनसारख्या बलाढ्य देवाचे नाव भिंतींवरून खोडून काढविले. त्याच्याच नव्या राजधानीतील घरांत बेस आणि तावेरेत यांचे ताईत सापडले आहेत, आणि कामगारांच्या वस्तीत बेसची चित्रेही आढळली आहेत. राजाने देव बदलला. बाळंतिणीचे भय बदलले नाही.

बर्लिनच्या संग्रहालयात माता आणि बालक यांच्या रक्षणाच्या मंत्रांचा एक पपायरस आहे. त्यातील एका मंत्रात अंधारातून, तोंड मागे फिरवून येणाऱ्या एका मृतात्म्याला आई हटकते. तू या बाळाचे चुंबन घ्यावयास आलीस का, याला न्यावयास आलीस का, असे ती विचारते आणि प्रत्येक वेळी, मी तुला तसे करू देणार नाही, असे बजावते. मग ती आपल्या रक्षणसामग्रीत काय काय आहे ते सांगते. त्यात मध आहे. तो जिवंतांना गोड लागतो आणि मृतांना कडू. विद्वानांच्या टीकाटिपणींच्या ढिगाऱ्यातही या आईचा आवाज दबत नाही. पुढील काळात, इ.स.पू. १०७० ते ७२० च्या सुमारास, मुलांच्या गळ्यात पपायरसच्या लांबट पट्ट्या गुंडाळून नळीत घालून बांधीत. त्या पट्ट्यांवर देवाने दिलेले अभयवचन लिहिलेले असे: या मुलाला साप व विंचू यांपासून, रोगांपासून, वीज कोसळण्यापासून, भिंत अंगावर पडण्यापासून मी राखीन. भिंत अंगावर पडण्याचे भय कच्च्या विटांच्या घरात राहणाऱ्यालाच कळेल.

विंचवाचा विषय निघाला म्हणून एक कथा सांगणे योग्य ठरेल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दुसऱ्या नेक्तानेबो राजाच्या काळातील (इ.स.पू. ३६० ते ३४३) एक शिलापट्ट आहे. पूर्वी तो ऑस्ट्रियाचा मंत्री मेटरनिख याच्या मालकीचा होता. त्यावर बाळ होरस मगरींवर उभा आहे आणि त्याच्या मुठींत साप-विंचू आहेत. अशा शिलापट्टांवरून पाणी ओतीत आणि ते पाणी विंचू चावलेल्याला पाजीत. पट्टावर कोरलेल्या कथेत इसिस ही देवी सात विंचवांसह, ओळख लपवून भटकत असते. एक श्रीमंत स्त्री तिला पाहून दार लावून घेते. दलदलीत राहणारी एक गरीब मुलगी मात्र आपल्या झोपडीचे दार उघडते. विंचू रागावतात आणि त्यांतील एक दाराच्या फटीतून शिरून श्रीमंत स्त्रीच्या मुलाला डसतो. आई गावभर आक्रोश करीत फिरते. कोणीच धावून येत नाही. अखेरीस इसिसलाच त्या निरपराध मुलाची करुणा येते आणि ती विष उतरविते. ती श्रीमंत स्त्री आपली संपत्ती त्या गरीब मुलीच्या घरी पोहोचती करते. मंत्राला अशी कथा जोडलेली असली म्हणजे मंत्र म्हणणाऱ्याच्या मनावर आपोआप काही संस्कार होत असणार. आमच्या मते इजिप्तच्या मंत्रसाहित्यातील हा भाग सर्वांत निकोप आहे.

या इसिसचाच एक धागा आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या इजिप्शियन बंदरात इसिसच्या मंदिराच्या आवारात इ.स. २०२२ मध्ये बुद्धमूर्ती सापडली आणि पुढील वर्षी ते वृत्त जाहीर झाले. मूर्ती सुमारे ७१ सेंटीमीटर उंचीची, संगमरवरी, बहुधा दुसऱ्या शतकातील आहे. त्याच मंदिरात रोमन सम्राट फिलिप याच्या काळातील (इ.स. २४४ ते २४९) संस्कृत लेख मिळाला, आणि सातवाहनांची नाणीही मिळाली. तेव्हा पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरून तेथे व्यापारी जात होते आणि इसिसच्या दारात त्यांना जागा मिळत होती, एवढे निश्चित म्हणता येते. यावरून इजिप्तमध्ये धम्म रुजला होता अशी विधाने कोणी करू लागल्यास मात्र सावध राहावे. एका मूर्तीवरून तसे म्हणता येत नाही.

मृताच्या देहावरील ताईत

आता मृतांकडे वळू. हॉवर्ड कार्टर यांनी इ.स. १९२५ च्या नोव्हेंबरात तुतनखामेनची ममी उलगडली, तेव्हा तिच्या वेष्टनांत १४३ वस्तू मिळाल्या आणि त्यांत ताइतांचा भरणा मोठा होता. त्या कामात राजाच्या देहाचे तुकडे करावे लागले. आता तसे करावे लागत नाही. इ.स. १९१६ मध्ये दक्षिण इजिप्तमध्ये सापडलेली, १४-१५ वर्षांच्या मुलाची एक ममी कैरोच्या संग्रहालयात पडून होती. कैरो विद्यापीठाच्या सहर सलीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनच्या साहाय्याने, एकही पट्टी न सोडता, तिच्या देहावरील आणि देहातील ४९ ताईत मोजले; ते २१ प्रकारांचे आहेत. हे संशोधन इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ताईत तीन उभ्या रांगांत मांडलेले होते. तोंडात सोन्याची जीभ होती, ती परलोकात बोलता यावे म्हणून. छेदाच्या रक्षणासाठी दोन बोटांचा ताईत होता आणि छातीच्या पोकळीत सोन्याचा स्कॅरब. एवढ्या कोवळ्या वयात गेलेल्या मुलासाठी आईबापांनी काही उणे ठेवले नव्हते.

कोणता ताईत कशाचा करावा आणि कोठे ठेवावा, याचे नियम ज्याला आपण 'मृतांचा ग्रंथ' म्हणतो त्यात दिलेले आहेत. १५५व्या प्रकरणात 'जेद' हा खांबाच्या आकाराचा ताईत सोन्याचा करून गळ्याशी ठेवण्यास सांगितले आहे. जेद म्हणजे ओसिरिसचा कणा, स्थैर्याचे चिन्ह. १५६व्या प्रकरणात इसिसची गाठ तांबड्या जास्पर दगडाची असावी असे आहे. 'आंख' हे जीवनचिन्ह आज सर्वांच्या परिचयाचे आहे. तथापि ते देवांच्या हातांत जितके दिसते तितके सुट्या ताइतांत दिसत नाही. शब्द आणि आकृती यांच्या सामर्थ्यावरील हा विश्वास किती खरा होता हे पाहावयाचे असेल तर बाराव्या-तेराव्या राजवंशांच्या काळातील काही दफने पाहावीत. तेथे लेखातील पक्ष्यांची चित्राक्षरे पायांविना आणि सापांची शेपटीविना लिहिलेली आहेत, कारण अक्षरातील साप मृताला दंश करील अशी भीती होती.

हृदय-स्कॅरब

या सर्व ताइतांत आम्हास सर्वाधिक विचारार्ह वाटतो तो हृदयाचा स्कॅरब. स्कॅरब म्हणजे शेणकिड्याची प्रतिकृती. हा किडा शेणाचा गोळा ढकलीत नेतो. त्याच्या नावाशी जुळणारा 'खेपेर' हा इजिप्शियन शब्द 'होणे, अस्तित्वात येणे' या अर्थाचा आहे. पहाटेचा सूर्य आकाशात ढकलणारा देव खेपरी याच किड्याच्या रूपाचा. जमिनीत पुरलेल्या गोळ्यातून नवे किडे आपोआप जन्मतात असे दिसल्यामुळे पुनर्जन्माचे चिन्ह म्हणून त्याची निवड झाली. लहान स्कॅरब अंगठीत आणि मोहरेत लाखोंनी वापरले गेले. हृदय-स्कॅरब आकाराने मोठा असतो, आणि त्याच्या सपाट पोटावर 'मृतांच्या ग्रंथा'च्या ३०व्या प्रकरणातील मंत्र कोरलेला असतो.

या मंत्राचे महत्त्व समजण्यासाठी त्यामागील न्यायनिवाड्याची कल्पना पाहावी लागते. ममी करताना मेंदू टाकून देत. फुप्फुसे, यकृत, जठर आणि आतडी काढून वेगळी ठेवीत. हृदय मात्र जागेवरच राखीत. कारण बुद्धी, स्मृती आणि सदसद्विवेक यांचे स्थान हृदय होय, असे ते मानीत. मृत व्यक्ती ओसिरिसच्या सभागृहात जाते. तेथे ४२ परीक्षक बसलेले असतात. त्यांच्यापुढे ती आपण काय केले नाही ते सांगते: हत्या केली नाही, कोणास रडविले नाही, मापात खोट केली नाही, लेकरांच्या तोंडचे दूध हिरावले नाही. मग तराजूच्या एका पारड्यात तिचे हृदय आणि दुसऱ्यात मात, म्हणजे सत्य आणि न्याय यांचे पीस ठेवले जाते. शेजारी मगरीच्या डोक्याची, सिंहाच्या धडाची, पाणघोड्याच्या मागल्या अंगाची अम्मित ही भक्षिका टपून असते. पारडे समतोल राहिले नाही तर ती हृदय गिळते, आणि मग त्या माणसाचे काहीच उरत नाही. ब्रिटिश म्युझियममधील आनी या लेखनिकाच्या पपायरसमध्ये हे दृश्य फार सुंदर रंगविलेले आहे.

माणसाची परीक्षा त्याच्या कुळाने वा दानाने न होता त्याने लोकांशी केलेल्या वर्तनाने व्हावी, ही कल्पना इतक्या प्राचीन काळी इतक्या स्पष्टपणे मांडली गेली, याचे श्रेय इजिप्तला निःसंकोचपणे दिले पाहिजे. राजाचे आणि गवंड्याचे हृदय एकाच तराजूत पडते. आणि नेमक्या याच ठिकाणी ताईत येऊन उभा राहतो.

स्कॅरबवरील मंत्रात मृत व्यक्ती स्वतःच्याच हृदयाला विनविते. मातेकडून मिळालेल्या हृदया, असे संबोधून ती त्याला सांगते की, तू माझ्याविरुद्ध साक्षीला उभे राहू नकोस, तराजू राखणाऱ्यापुढे माझ्याशी वैर करू नकोस, देवासमक्ष माझ्याविषयी असत्य बोलू नकोस. हृदय हा माणसाचा आयुष्यभराचा साक्षीदार. त्यालाच दगडाने आणि शब्दाने बांधून ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

काही इजिप्ततज्ज्ञ या मंत्राचा अर्थ अधिक सौम्यपणे लावतात. त्यांच्या मते निरपराध माणसाचे हृदयही त्या भयंकर सभेत घाबरून भलतेच बोलून जाईल, ही भीती येथे व्यक्त झाली आहे. म्हणून असत्य बोलू नकोस अशी विनवणी आहे. हा अर्थ सर्वस्वी त्याज्य नाही, कारण ते शब्द मंत्रात आहेतच. परंतु तेवढ्याने मंत्राचा पूर्वार्ध उलगडत नाही. माझ्याविरुद्ध उभाच राहू नकोस, ही विनवणी खोट्या साक्षीपुरती मर्यादित नाही. साक्षीदार खोटे बोलेल हे भय आणि साक्षीदार खरे बोलेल हे भय, ही दोन्ही भये एकाच मंत्रात गुंफलेली आहेत, असे आम्हास वाटते. आणि मंत्र रचणाऱ्याला त्यांतील भेद स्पष्ट करण्याची निकड भासली नाही, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे. मेरिकारेच्या उपदेशात शस्त्र आणि शील शेजारी-शेजारी होते. येथे शस्त्र शिलावरच उगारलेले दिसते.

ग्रंथातील सूचनेप्रमाणे हा स्कॅरब 'नेमेहेफ' नावाच्या हिरव्या दगडाचा, सोन्याने मढविलेला असावयास हवा. सूचनेत पुढे असेही म्हटले आहे की, हा मंत्र मेनकाउरे राजाच्या काळी राजपुत्र होरदेदेफ याला खमेनू नगरीत देवाच्या मूर्तीच्या पायांखाली सापडला. मंत्राला देवाच्या पायांखालून शोधून काढण्याची ही रीत अनेक देशांच्या पुरोहितांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे दगड बदलत गेला, आणि गरिबाला फायन्सवर भागवावे लागले. काही हृदय-स्कॅरबांवर मंत्र पूर्ण कोरलेला आहे आणि मृताच्या नावापुरती जागा कोरी आहे. म्हणजे ते आधीच तयार करून ठेवले जात; ज्याने किंमत मोजली त्याचे नाव त्या जागी घालावयाचे. 'मृतांच्या ग्रंथा'च्या प्रतीही अशाच कोऱ्या जागा ठेवून तयार होत. आणि त्या प्रतींतील चित्रांत निकाल नेहमी मृताच्या बाजूनेच लागलेला असतो. अम्मित उपाशीच राहते.

लुटारूंची कबुली

ताइतांनी मृतांचे रक्षण केले काय, या प्रश्नाचे उत्तर देणारा एक लेख सुदैवाने शिल्लक आहे. नवव्या रामसेसच्या राजवटीच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. १११० च्या सुमारास, थेबेस येथे राजथडग्यांच्या लुटीची चौकशी झाली. त्यात अमेनपानुफेर नावाच्या पाथरवटाने दिलेला कबुलीजबाब लिहून ठेवलेला आहे. त्याने सांगितले की, आपण सोबत्यांसह तांब्याची हत्यारे घेऊन राजा सोबेकेमसाफ याच्या थडग्यात भुयार पाडले. राजाच्या गळ्यात सोन्याचे पुष्कळ ताईत आणि अलंकार होते. ते सर्व काढून घेतले. राणीच्या अंगावरचेही काढले. आणि शवपेट्या पेटवून दिल्या. आठ जणांत वाटणी होऊन प्रत्येकाला २० देबेन सोने मिळाले. एक देबेन म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम. तेव्हा एकूण सोने साडेचौदा किलोग्रॅमच्या आसपास भरते. याच नावाच्या एका राजाचा, हिरव्या जास्परचा आणि सोन्याच्या बैठकीचा हृदय-स्कॅरब ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या हृदय-स्कॅरबांत त्याची गणना होते.

या पाथरवटांना ताइतांचे सामर्थ्य ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. थडगी त्यांच्यासारख्यांनीच खोदली होती. परंतु त्याच थेबेसच्या पश्चिम तीरावर सुमारे अर्धशतक आधी, तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, राजांची थडगी घडविणाऱ्या कारागिरांना वेतनाचे धान्य मिळेनासे झाले होते आणि भुकेने त्रासून त्यांनी काम थांबविले होते. इतिहासात नोंदला गेलेला हा सर्वांत जुना संप मानला जातो. मेलेल्या राजाच्या गळ्यात जे सोने होते आणि जिवंत कारागिराच्या कोठारात जे धान्य नव्हते, त्यांचा हिशोब लुटारूंनी आपल्या परीने मांडला.

कबुलीजबाबात आणखी एक गोष्ट आहे. अमेनपानुफेर पहिल्यांदा पकडला गेला तेव्हा त्याने आपल्या वाट्याचे २० देबेन सोने वस्तीच्या लेखनिकाला दिले आणि तो सुटला. मग सोबत्यांनी त्याला नव्याने वाटा काढून दिला. हा पपायरस पुढे दोन तुकड्यांत विभागला गेला. एक तुकडा न्यूयॉर्कमध्ये आहे. दुसरा इ.स. १९३५ मध्ये जाँ कापार यांना ब्रुसेल्सच्या संग्रहालयात सापडला. तो एका पोकळ लाकडी पुतळीच्या आत गुंडाळून ठेवलेला होता.